बिब्ब्याची चौफुली

ट्युशन एरिया, लातूर
९ जुलै २००६

प्रिय लुबना,

चार महिने माझं पत्र नाही म्हणून तू मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असशील ते मला ठाऊक आहे. त्या पोचल्या असं समज. जून आला की आमच्या हॉस्टेलात शंभरावर मुली उतरतात. प्रत्येकीबरोबर एक ट्रंक, एक बादली आणि एक रडणारी आई. आयांना समजावून परतीच्या गाडीत बसवणं हे रेक्टरबाईचं पहिलं काम. मग मुलींना पहाटे पाचला उठवायचं, क्लासला पिटाळायचं, आणि घरून आलेले लाडू कुणी एकटीनेच संपवत नाही ना ते बघायचं. फोन आहे, पण तो ऑफिसात, मालकांच्या टेबलावर, आणि टेबलासमोर पालकांची रांग. तिथे उभं राहून तुझ्याशी काय बोलणार? पत्रच बरं.

एक विचारायचं होतं. इथे शिवकन्या म्हणून उदगीरकडची एक मुलगी आहे. तिच्या गालावर जुना काळा डाग आहे. तिने पेपरात जाहिरात वाचली की नांदेडला मशीनने चेहऱ्याची कातडी घासून नवी करून देतात, मायक्रोडर्माब्रेजन की काय म्हणतात त्याला. तुमच्या स्किन क्लिनिकात आहे का ते मशीन? दुखतं का? किती वेळा करावं लागतं? आणि मुख्य म्हणजे, डाग जातो का? पोरगी फार मागे लागली आहे, तेव्हा सविस्तर लिही.

आज रविवार. सगळ्या मुलींनी एकदमच डोक्याला खोबरेल लावलंय. मी खिडक्या सताड उघडल्या आणि गच्चीवर येऊन बसले. तो वास मला अजूनही सोसत नाही. तुझ्या दादी, रहमतबी, तेलाची वाटी घेऊन माझ्यामागे लागायच्या आणि मी जिन्याखाली लपायचे, ते दर रविवारी आठवतं. त्यांना माझा सलाम सांग.

तुझी,
उज्वला


इतवारा, नांदेड
१५ जुलै २००६

उजे,

शिव्या घातल्या होत्याच, पण तुझं अक्षर बघितलं आणि निम्म्या परत घेतल्या.

शिवकन्येला माझा नमस्कार. तिचा डाग उजव्या गालावर, कानाच्या पाळीखाली दोन बोटं आणि बिब्ब्याने पडलेला असेल, तर मी तिला चांगली ओळखते. नऊ वर्षं तिच्याच बाकावर बसले मी. भूकंपानंतर तुझ्या अण्णांनी तुला किल्लारीहून आमच्या शेजारी, तुझ्या मावशीकडे आणून सोडलं, तेव्हा त्या गालावर अजून खपली होती. दादीने विचारलं, काय झालं बेटी, तर तू फक्त ‘बिब्बा उतला’ म्हणालीस आणि पुढे आठ दिवस गप्प. भिंतीला भिंत लागून वाढलो आपण. माझ्यापासून काय लपवतेस?

आता मशीनचं. आहे आमच्याकडे, आणि ते चालवते मीच. पेनासारखी एक नळी असते. तिच्या टोकाला हिऱ्याची बारीक पूड बसवलेली. ती कातडीवरून हलक्या हाताने फिरवायची. वरचा मेलेला थर ती खरवडते आणि तीच नळी तो ओढून घेते. सुई नाही, भूल नाही. मांजराने गाल चाटावा तसं वाटतं. अर्ध्या तासाचं काम. दिवसभर गाल लाल राहतो, उन्हातून आल्यासारखा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, असं पाच-सहा वेळा. चेहरा काळवंडला असेल, खरबरीत झाला असेल, पिंपल्सचे उथळ डाग असतील, तर फरक दिसतो. खोल डागाचं तसं नसतं. पण तू ये तर खरी. आधी डॉक्टर मॅडम बघतील.

आणि हो, तुझ्या हॉस्टेलातल्या ज्या पोरी साखर-मीठ घेऊन गाल घासत असतील (असतीलच), त्यांना म्हणावं, पिकलेल्या पिंपल्सवर घासणं म्हणजे आगीत तेल. आम्हीसुद्धा मशीन लावत नाही तसल्या चेहऱ्याला.

तुझ्या मावशीने शेजारचं घर सोडलं आणि तू नांदेड, त्याला तीन वर्षं झाली. गालासाठी का होईना, ये.

लुबना


ट्युशन एरिया, लातूर
२३ जुलै २००६

प्रिय लुबना,

तू पोलिसात जायची ती चुकून क्लिनिकात गेलीस.

बरं, डाग माझाच. दिवाळीनंतर बघायला पाहुणे येणार आहेत, निलंग्याचे. मावशीने ठरवलंय. मुलगा कृषी खात्यात आहे. मावशी म्हणाली, गालाचं काही होतंय का बघ, नाहीतर लोक उगाच बिब्बा घालतात. मग मलाच हसू आलं, घातलेलाच आहे की तो.

गालगुंड झालं होतं मला. आमच्याकडे त्यावर बिब्बा तापवून त्याच्या तेलाची चौफुली काढतात, एकावर एक दोन रेघा. मायने काढली ती अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. सगळ्यांना सोसतो, मला उतला. गाल फोडासारखा टरारला. पुढचं तुला माहीत आहे.

पंधरा ऑगस्टला जोडून मला दोन दिवस सुट्टी मिळेल. येऊ का? आणि खरं सांग, दिवाळीपर्यंत जाईल ना?

उज्वला


इतवारा, नांदेड
३० जुलै २००६

उजे,

येऊ का म्हणून विचारतेस? दादीने आजच गच्चीवरच्या गाद्यांना ऊन दाखवलं. ती म्हणते, “छोरी कू बोल, खाली गाल दिखाने कू नक्को आ, मिलने कू आ.”

येण्याआधी आठ दिवस ब्लीच नाही, लिंबू नाही, कुणी सांगितलेला लेप नाही. बसमध्ये खिडकीपाशी बसलीस तर उजवा गाल ओढणीने झाक. घासलेल्या कातडीला ऊन लागलं तर डाग होता त्याहून काळा होतो, तेव्हा जातानाही तेच.

दिवाळीपर्यंत काय होतं ते बघू. तू ये.

लुबना


ट्युशन एरिया, लातूर
२१ ऑगस्ट २००६

प्रिय लुबना,

पोचले त्याला चार दिवस झाले. अहमदपूरपर्यंत गाल झाकून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, दाढ दुखती का गं? मी हो म्हटलं.

तुझा हात किती हलका झालाय. तू नळी फिरवत होतीस आणि मी डोळे मिटून पडले होते. शेवटी मी खरवडलेलं जमतं ती मशीनची जाळी बघायला मागितली, तेव्हा तू चकित झालीस. त्यात चिमूटभर करडी पूड होती. तुला वाटलं मला किळस येईल. मला वाटलं, एवढीच?

लुबना, ते निलंग्याचे पाहुणे खोटे आहेत. कुणी येणार नाही. तुझ्या दादींसमोर मी तोंड भरून खोटं बोलले, कृषी खात्यासकट. त्यांनी दुवा दिली तेव्हा लाज वाटली, म्हणून आता खरं लिहिते.

अण्णा माझ्याकडे बघत नाहीत. तू म्हणशील बाप लोक नाहीच बघत. तसं नाही. मी किल्लारीला जाते तेव्हा ते माझ्या डाव्या हाताला बसतात. जेवताना मी मान वळवली की ते ताटात बघतात. बोलतात सगळं, पाऊसपाणी, सोयाबीन, माझा पगार. पण या गालाकडे तेरा वर्षांत त्यांनी एकदा बघितलेलं नाही. गेल्या दिवाळीत मी मुद्दाम समोर बसले. ते पाणी प्यायला उठले ते परत आलेच नाहीत.

मी त्यांना दोष देत नाही. भूकंपाच्या रात्री गालाची आग होत होती, मी रडत होते, म्हणून मायने बाज अंगणात काढली आणि आम्ही तिघं बाहेरच निजलो. वाऱ्यावर मला झोप लागली. पहाटे माय माझ्या गालाला लावायला तेल आणायला आत गेली, आणि घर बसलं. मी जागी झाले ती आवाजाने. दुसऱ्या दिवशी जवानांनी तिला बाहेर काढलं, तेव्हा अण्णा त्यांना म्हणाले, “पोरीच्या गालाला तेल आनाया गेलती.” मी चार हातांवर बसले होते. ऐकलं. गावातले लोक म्हणतात, बिब्ब्याने बाप-लेक वाचले. खरं आहे, पण माय कशाने गेली ते कुणी म्हणत नाही. अण्णांनी त्या दिवसापासून तंबाखूला हात लावलेला नाही. मायच्या, केवळाबाईच्या नावाने सोडली, असं सगळे कौतुकाने सांगतात. बायकोवर एवढी माया होती त्यांची. तिला घेऊन गेलेल्या गालाकडे ते कसं बघतील?

डाग गेला, तर कदाचित या दिवाळीत ते ताटातून मान वर करतील. एवढंच हवंय मला.

उज्वला


इतवारा, नांदेड
२९ ऑगस्ट २००६

उजे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

आता माझंही एक खरं. मॅडमनी तुझा गाल बघितला तेव्हाच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बिब्ब्याचा रंग खालच्या थरात बसलाय. मशीन वरच्या थराचं. कडा थोड्या फिकट होतील, गाल मऊ होईल, पण डाग पुसला जाणार नाही. हे मी तुला तिथेच ठणकावून सांगायला हवं होतं. मी ‘बघू’ म्हणाले. कारण डाग जाणार नाही म्हटलं असतं तर तू पुन्हा आली नसतीस. सहा बैठका म्हणजे सहा वेळा उजी येणार, असा हिशेब केला मी. तुझ्याशिवाय या गल्लीत मला करमत नाही, कधी करमलंच नाही. रागव हवं तर.

पण तू आठ वर्षांची पोर होतीस. गाल कुणाची आई नेत नाही. हे मी म्हणून तुला पटणार नाही, तरी लिहून ठेवते.

दहा तारखेला ये. नाही आलीस तरी मी समजून घेईन. (खोटं. नाही घेणार.)

लुबना


इतवारा, नांदेड
१४ सप्टेंबर २००६

उजे,

आलीस, आणि रागावली नाहीस. वर आणखी जाताना माझी ओढणीसुद्धा घेऊन गेलीस. बरं वाटलं.

एक काम राहिलं. मॅडमना तुझ्या फॉर्मात सगळे रकाने भरून हवेत. तू घाईत एक सोडलास. ‘डाग पडल्यावर पहिल्या दिवसांत त्यावर काय लावलं होतं?’ ज्याने भाजलं त्याइतकंच वर काय चोळलं हे त्यांना महत्त्वाचं वाटतं. उलटटपाली कळव, मी भरते.

दादीचं वेगळंच. परवा तू गेल्यावर ती म्हणाली, उजीच्या गालावर चौफुली कुठंय? अर्ध्या मोहल्ल्याला बिब्बे लावलेत तिने. ती म्हणते, बिब्बा नुसता उतला तर रेघांच्या जागी रेघा राहतात. तुझा डाग पसरट आहे, चोळल्यासारखा. तिच्या मते त्यावर ओला असतानाच कुणीतरी तेल लावलंय. हे काही मॅडमचं मत नाही, म्हातारीचं आहे. पण तिने तेवढा वेळ गाल उजेडात धरून बघितला म्हणून लिहिलं.

लुबना


ट्युशन एरिया, लातूर
२० सप्टेंबर २००६

प्रिय लुबना,

तुझं पत्र आलं तेव्हा मुलींची चाचणी परीक्षा चालू होती. मी हॉलच्या दारात बसून वाचलं. रकान्यात काय लिहायचं म्हणून मी मनात सहज म्हटलं, खोबरेल. आणि मग पेपर गोळा करायचं भान राहिलं नाही.

तूच सांग. माय तेल आणायला गेली आणि परत आली नाही, तर माझ्या गालाला तेल लागलं कधी? लावलं कुणी?

मला तो वास का सोसत नाही? आजवर वाटायचं, माय ज्यासाठी गेली ते तेल, म्हणून. पण ते तेल मी बघितलंच नव्हतं. वास कुठून येईल? तर वास माझ्याच गालाला होता, लुबना. पडलेल्या घरासमोर दिवसभर बसले होते, गुडघ्यावर गाल टेकून, आणि मला तोच वास येत होता. परकराला तेल लागलं होतं. मला हे आठवत होतं, सगळी वर्षं, फक्त मी त्याला काही विचारलं नव्हतं.

आणि आता आणखी आठवतं, किंवा आठवल्यासारखं वाटतं. बाजेवर मायची मांडी. वाटी बाजेच्या खाली, मातीवर. ती बोटाने लावत होती आणि फुंकर घालत होती.

मग ती आत कशाला गेली?

मी अण्णांना एक कार्ड टाकलंय. दोनच ओळी. ‘मायनं त्या रात्री माझ्या गालाला तेल लावलं होतं का? लावलं होतं, तर ती आत कशाला गेली?’ टाकल्यावर पोस्टाच्या पेटीतून परत काढता येतं का बघत होते.

उज्वला


किल्लारी
२ ऑक्टोबर २००६

चि. उज्वलास अण्णाचा आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. परवा तीस तारीख झाली. गावात दरसाली परमानं फुलं वाहिली. मी गेलतो. माघारी येऊन लिहाया बसलो ते आज तिसऱ्या दिशी लिहून राहिलो. दुसऱ्याकडून लिहून घ्यायासारखं न्हाई.

तू इचारलंस मायनं तेल लावलं व्हतं का. लावलं व्हतं. दोन डाव लावलं. तुला झोप लागली मंग वाटी बाजंखाली ठिवली अन् ती बी आडवी झाली.

पहाटं मला जाग आली. तंबाखूची तलफ आली. चंची आत खुंटीला व्हती. मी उठलो असतो तर धा पावलं व्हती. मी तिला हलवली अन् म्हनलो चंची आन. ती तशीच उठून गेली. मंग जिमीन हालली.

दुसऱ्या दिशी मिल्ट्रीच्या पोरांनी काढली तवा तिच्या हातात चंची व्हती. एकानं इचारलं बाई आत कशाला गेलती. तू पल्याड बसलीवतीस, गाल सुजलेला. मी म्हनलो पोरीच्या गालाला तेल आनाया. वाटलं आज यवडं बोलून घ्यावं, उद्या खरं सांगू. लोकांनी तेच धरलं. तंबाखू सुटली तर लोक म्हनले देवमानूस हाय. ते बी मी ऐकून घेतलं.

तुझा गाल दिसला की मला माझं खोटं दिसतं. म्हनून मान वर होत न्हाई. मला वाटायचं तुला समदं ठावं हाय म्हनून तू फारशी येत न्हाईस. तू हे सोतावर घेतलं असंल हे मला कार्ड वाचून कळालं. लई वंगाळ झालं माझ्या हातून.

चंची मी ठिवलीया. यायचं असंल तर ये. न्हाई आलीस तर मी बोल लावनार न्हाई.

तुझा अण्णा
हणमंतराव


किल्लारी
११ ऑक्टोबर २००६

प्रिय लुबना,

अण्णांचं पत्र तुला पाठवतेय. वाचून जपून ठेव, मला परत हवं आहे.

चार दिवस झाले इथे येऊन. लामजन्याच्या फाट्यावरून जीपने आले. दारात अण्णा उभे होते. मी त्यांच्याशी पहिला दिवस बोलले नाही. मला इतका राग आला होता की भाकरी करताना तवा आपटत होते. तेरा वर्षं. मी शाळेत असताना, मावशीकडे रात्री उशीत तोंड घालून, मायची माफी मागत होते. आणि हे इथे देवमाणूस म्हणून ऐकून घेत होते. मी माफ केलंय असं अजून म्हटलेलं नाही. तेही विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चंची आणून माझ्यापुढे ठेवली. खाकी कापडाची, लाल गोटाची. मायनेच शिवलेली. आत चुन्याची डबी आणि सुपारीची दोन खांडं. माती झाडलेली नाही. मी ती हातात घेतली. तिच्या हातातली शेवटची वस्तू ही, असं वाटून आधी पुन्हा राग आला. मग मनात आलं, तिच्या बोटांना तेव्हा तेल असेल. चंचीच्या कापडावर डाग आहे, जुना, काळपट. तेलाचाच असेल असं मी म्हणत नाही. पण मी तसं धरलंय.

रात्री जेवताना मी माझं ताट उचललं आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले, म्हणजे उजवा गाल त्यांच्याकडे. म्हटलं, “अण्णा, इकडं बघा.” लुबना, त्यांनी बघितलं. तू नळी फिरवतेस ना, तसं सावकाश, कडेकडेने. मग म्हणाले, “लई आग झालती का गं?” तेरा वर्षांत पहिल्यांदा मला हे कुणीतरी विचारलं, आणि तेही त्यांनी. मी म्हटलं, “झाली होती. मायनं तेल लावलं मग थांबली.” ते रडले. मीही. भाकऱ्या गार झाल्या.

मला आजवर आरशात दिसायची ती आत जाणारी माय. पाठमोरी. आता दिसते ती मांडीवर घेऊन बसलेली, फुंकर घालणारी. मला सोडून ती तेल आणायला गेली नव्हती. माझं सगळं करून, मला निजवून, मग गेली. मला ती फार हवी होती गं. अजून हवी आहे. आधी हे म्हणायलासुद्धा तोंड नव्हतं, आता म्हणता येतं.

मॅडमना सांग, राहिलेल्या बैठका नकोत. कडा फिकट झाल्या तेवढ्या पुरे. फॉर्मात तेवढं भर, ‘खोबरेल तेल, दोन वेळा, आईने.’

तू केलेला सहा वेळांचा हिशेब मात्र मोडायचा नाही. रविवारी मी इथूनच नांदेडला येते, संध्याकाळच्या गाडीने. तुमचा रोजा सुटून जेवणखाण झालं की दादींना म्हणावं, वाटीत खोबरेल कोमट करून ठेवा. या वेळी मी जिन्याखाली लपणार नाही.

तुझी,
उज्वला